फरशी न फोडता गळती बंद: सांगलीत मिळणारी सेवा कुठं चालते, कुठं नाही

विश्रामबाग असो, शंभर फुटी रोड असो की कुपवाड रोड, अपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून बोलून झालं की वरच्यांच्या बाथरूमचा विषय निघतोच. त्यावरचा तोडगा म्हणून हल्ली इपॉक्सी (घट्ट होणारं चिवट रसायन) ग्राउटिंगची सेवा विकली जाते. फरशीचे जुने सांधे कोरायचे, त्यात इपॉक्सी भरायची, काम एका दिवसात आणि वर लांबलचक गॅरंटी. फरशा उखडून नव्यानं करण्यापेक्षा खर्च बराच कमी, म्हणून वरचे आणि खालचे दोघंही लगेच हो म्हणतात.

ही सेवा बोगस नाही. पण पाणी फरशीच्या सांध्यांतून उतरत असेल तरच तिचा उपयोग. नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या पाणी जाण्याच्या तोंडाखालच्या भांड्याचा) गळा सुटलाय, कमोडचा जोड गळतोय किंवा भिंतीतला नळाच्या पाण्याचा प्लॅस्टिकचा (सीपीव्हीसी) पाइप फुटलाय, तर सांधे कितीही भरा, खालचं छत ओलंच राहणार. आणि भाव द्यायला येणारे बरेच जण खालच्या छताचा फोटो काढतात, वर डोकावतात आणि आकडा सांगून मोकळे होतात. तपासणी न करता भाव देणाऱ्याला काम देऊ नये.

तपासणी साधी आहे, फक्त ती दोन्ही घरच्यांसमोर व्हायला हवी. आधी खालच्या छतावर ओलीच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा. मग गच्चीवरचा त्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा. चोवीस तास चालणारी गळती तेवढ्यात मंदावली तर संशय भिंतीतल्या पाइपवर. प्लंबरकडून हातपंपानं पाइपात प्रेशर देऊन गेजचा काटा उतरतोय का ते बघून घ्या. तसं नसेल तर नहाणीच्या तोंडाला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या फडक्याचा घट्ट बोळा लावा, फरशीवर इंचभर पाणी साठवा, भिंतीवर पातळीची खूण करा आणि २४ तास ठेवा. पातळी एखाद-दोन मिलिमीटर उतरली तर ते बाष्पीभवन. ठळक उतरली आणि खालची ओल रेघेबाहेर गेली, तर सांध्यांचं काम करायला हरकत नाही. पातळी जागेवर, पण बोळा काढून चार-पाच बादल्या ओतल्यावर खाली थेंब सुरू झाले, तर दोष नहाणीत किंवा तिच्या पाइपात. तिथं फरशी फोडावीच लागते. निदान नहाणीभोवतीचा फूट-दीड फुटाचा चौकोन तरी.

आता प्रत्यक्ष काम. जुनं व्हाइट सिमेंट मिनी ग्राइंडरनं किंवा हातकटरनं कोरताना फरशीच्या जाडीच्या निदान दोन तृतीयांश खोल जायला हवं. नुसतं वरवर खरवडून इपॉक्सी फासली तर ती पापुद्र्यासारखी सुटते. जुन्या इमारतींत गवंड्यांनी फरशा एकमेकींना चिकटवून, सांधाच न ठेवता बसवलेल्या असतात. तिथं ब्लेडनं दोन-तीन मिलिमीटरची फट पाडावी लागते आणि फरशीची कड थोडी उडते. हे आधीच सांगणारा कारागीर भरवशाचा समजा.

कोरून झाल्यावर बाथरूम पूर्ण वाळू द्यायचं. सगळ्यात जास्त घाई इथंच होते, कारण घरात एकच बाथरूम असतं आणि माणसं खोळंबलेली असतात. ओल्या सांध्यात इपॉक्सी धरत नाही. म्हणून ‘एका दिवसात काम’ ही जाहिरात सोडून द्या. कोरणं, वाळणं, भरणं आणि पक्कं होणं धरून तीन-चार दिवस बाथरूम बंद ठेवायची तयारी हवी. रेझिन, हार्डनर आणि फिलर हे तिन्ही भाग पाकिटावरच्या प्रमाणातच मिसळायचे. अंदाजपंचे अर्धं पाकीट मिसळलं तर मिश्रण मऊ राहतं. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ते लवकर घट्ट होतं, त्यामुळे थोडं थोडं, पण मोजून करावं. भरल्यावर फरशी वेळेत ओल्या स्पंजनं पुसली नाही, तर वर चिकट थर बसतो आणि मग तो निघता निघत नाही. फरशी आणि भिंत जिथं मिळतात तो कोपरा, नळांच्या कड्यांमागची फट आणि नहाणीच्या जाळीची कड भरून घेतली का, हे स्वतः वाकून बघा. कारागीर मधल्या सरळ रेषा झकास करतात आणि कोपरे सोडतात.

नुसतं पारदर्शक औषध फवारून जाणाऱ्यांच्या नादी लागू नये. आपल्याकडे बोअरच्या खाऱ्या पाण्याचे डाग काढायला बाथरूम ॲसिडनं घासतात. सिमेंटचा सांधा त्यानंच झिजलेला असतो, त्यावर फवारा काय टिकणार? इपॉक्सी त्या मानानं तग धरते.

गॅरंटीच्या कागदावर बहुतेक वेळा फक्त ‘सांधे’ असतात, पाइप आणि ट्रॅप वगळलेले. शेवटचा हप्ता पुन्हा २४ तास पाणी साठवून बघितल्यावरच द्यायचा, हे आधी लिहून घ्या.

खर्च कोणाचा, यावर खरं रण पेटतं. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइपलाइनची गळती सोसायटीनं काढायची. आतल्या संडास-मोरीची त्या सभासदानं. पण सांगलीत बऱ्याच इमारती सहकारी सोसायटी नसून १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखाली असतात. तिथं सामाईक काय हे इमारतीच्या नोंदवलेल्या घोषणापत्रात (डिक्लरेशनमध्ये) बघावं लागतं, शेजारच्या सोसायटीचा दाखला देऊन चालत नाही. डक्टमधला (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतला) उभा पाइप गळत असेल तर तळमजल्यावाल्यांना डक्ट मोकळा करावा लागतो. तिथं पत्रा टाकून धुण्याची जागा केलेली असली की प्लंबरला शिडी लावता येत नाही आणि काम महिनोन् महिने अडतं.

काम नीट झालं तरी खालचं छत लगेच कोरडं होत नाही. बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये विटांचे तुकडे भरलेले असतात, त्यात मुरलेलं पाणी कित्येक आठवडे झिरपत राहतं. खालचे ‘काम झालंच नाही’ म्हणून पुन्हा वर चढतात ते याच काळात. पेन्सिलीची रेघ तेव्हाच उपयोगी पडते: ओल रेघेच्या आत सरकत असेल तर थांबायचं, बाहेर जात असेल तर कारागिराला बोलवायचं. आणि छताला फुटलेले पांढरे क्षार ब्रशनं झाडल्यावर पुन्हा येत असतील, तोवर पुट्टी-रंगाला हात लावू नये. तो फुगून खाली येतो आणि त्याच्या खर्चावरून नवं भांडण सुरू होतं.