सापडलेला टॅरंटुला: सोडायचा, ठेवायचा की सोपवायचा?

पाऊस लागला की म्हसरूळ, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड अशा नाशिकच्या कडेच्या वस्त्यांत कधीतरी पार्किंगच्या भिंतीवर किंवा बाथरूमच्या जाळीपाशी तळहाताएवढा केसाळ कोळी येऊन बसतो. मग घरात दोन पक्ष पडतात. एकाच्या हातात झाडू असतो, दुसऱ्याच्या हातात मोबाइल. या दोघांच्या मागून हळूच "आपण पाळूया का?" असं विचारणारा एखादा असतो. हा आढावा त्याच्यासाठी आहे.

त्याच्यापुढे तीन वाटा आहेत: जिथे सापडला तिथेच सोडणे, घरी ठेवणे, किंवा वनविभागाच्या हाती देणे. कुठली बरी हे आपल्या हौसेवर कमी आणि कोळी कुठला आहे यावर जास्त ठरतं. म्हणून ओळख आधी.

बाथरूममधल्या बऱ्याच "टॅरंटुलां"चा निकाल इथेच लागतो, कारण ते टॅरंटुला नसतातच. भिंतीला चपटा चिकटलेला, लांब पाय दोन्ही बाजूंना पसरलेला आणि चाहूल लागताच कपाटामागे पळणारा तो हंट्समन कोळी. त्याच्या मादीने पोटाखाली पांढरी चपटी पिशवी धरलेली असेल तर ती अंडी आहेत. तो झुरळं खातो, त्याला त्याचं काम करू द्या. टॅरंटुलाचे पाय जाड, अंगभर दाट लव, पोट भरदार आणि बांधा एकूणच ठेंगणा-ठुसका. डिवचलं नाही तर तो सावकाश चालतो.

आता खरा प्रश्न: हा इथला की कुणाच्या घरातून निसटलेला उपरा? सगळ्यात आधी पोटाची वरची बाजू बघा. तिथे टक्कल पडल्यासारखा ठिपका असेल, किंवा तो मागचे पाय पोटावर घासत असेल, तर तो अमेरिका खंडातला आहे. तिकडच्या बहुतेक जातींच्या पोटावर खाज आणणारे बारीक केस असतात आणि शत्रू दिसला की ते पायांनी झाडतात. नारिंगी-लाल गुडघ्यांचा काळा मेक्सिकन रेड नी आणि तपकिरी-गुलाबी झाक असलेला चिलियन रोज हे हौशी लोकांकडचे नेहमीचे. आपल्या भारतीय जातींकडे हे केस नाहीत. त्या पुढचे पाय उंच करून सुळे दाखवतात, काही चक्क फुसफुसतात, आणि मग चावतात.

इथल्यांपैकी दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी. पोइसिलोथेरिया रेगॅलिस झाडाच्या ढोलीत राहतो. करडा-काळा, नक्षीदार, पुढच्या पायांची खालची बाजू पिवळी आणि पोटाखाली फिकट आडवा पट्टा. चिलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस सह्याद्रीच्या पट्ट्यातला, बिळात राहणारा, पोटावर वाघासारखे पट्टे असलेला, आणि बिळाच्या तोंडाशी भरपूर जाळं विणणारा.

उपरा आणि इथला हे दोन प्रकार घरी ठेवायचे म्हटले तर नवख्यासाठी फरक जमीन-अस्मानाचा आहे. मेक्सिकन रेड नी किंवा चिलियन रोज मठ्ठ म्हणावे इतके शांत. विष सौम्य, वेग कमी, राहणं जमिनीवर, कोरडी हवा चालते. त्यांचा खरा त्रास केसांचा. ते डोळ्यात गेले तर डॉक्टर गाठावा लागतो, म्हणून डब्यात तोंड खुपसून बघायचं नाही. इथला पोइसिलोथेरिया याच्या नेमका उलट: झाकण उघडताच हातावरून खांद्यापर्यंत जाईल इतका चपळ, आणि चावला तर स्नायूंना पेटके येतात, ते काही दिवस टिकू शकतात. टॅरंटुलाच्या चाव्याने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही, पण त्यावर उतारा म्हणून लसही नाही, आणि सापाच्या विषावरची लस इथे उपयोगाची नाही. चावलंच तर जखम साबणाने धुवायची, बर्फ लावायचा आणि दवाखान्यात जायचं. पहिलाच टॅरंटुला म्हणून इथला रानटी कोळी घेणाऱ्याला मी तरी धाडसी म्हणणार नाही, उतावीळ म्हणेन.

त्यात आणखी एक मेख आहे. पावसाळ्यात भिंतीवर सापडणारा टॅरंटुला बहुधा वयात आलेला नर असतो. मादी सहसा बीळ सोडत नाही, तिच्या शोधात नरच भटकतो. तोंडाशेजारच्या दोन आखूड पायांची टोकं बॉक्सिंगच्या हातमोज्यांसारखी फुगलेली दिसली की तो नर हे नक्की. शेवटची कात टाकून झालेला नर त्यानंतर काही महिने, फार तर वर्ष-दीड वर्ष जगतो. तेवढ्या काळात त्याला फक्त मादी हवी असते, अन्नावरही त्याचं फारसं लक्ष नसतं. डब्यात तो रात्रभर काचेवर चढत-उतरत राहील. अशा कोळ्याला ठेवून त्याचंही काही साधत नाही आणि आपलंही.

म्हणून इथला कोळी असेल तर माझं मत सरळ आहे: सोडा, आणि त्याच संध्याकाळी. रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा त्याच्यावर अलगद उपडा घालायचा, खालून जाड पुठ्ठा सरकवायचा, हात लावायचा नाही. दिवेलागणीनंतर सापडल्या जागेजवळच कुंपणाच्या दगडांपाशी किंवा झाडाच्या बुंध्याशी सोडायचा. हौसेने गाडीत घालून अंजनेरीला किंवा ब्रह्मगिरीच्या पायथ्याला नेणारे भेटतात. हेतू चांगला, पण तिथे त्याला ना ओळखीचं बीळ, ना जवळपास असलेली मादी. शेजारच्या प्लॉटवर पोकलेन चालू असेल तर मात्र जवळची न खणलेली बांधाची कड शोधावी.

उपऱ्याचं गणित वेगळं. त्याला सोडायचं नाहीच. तो इथला नाही, बाहेर एक तर मरेल किंवा ज्यांच्यात मिसळू नये त्यांच्यात मिसळेल. मग उरतात दोन वाटा, आणि इथे गंमत अशी की पाळायला जो सोपा, तोच कागदावर अवघड. मेक्सिकन रेड नी ज्या ब्रॅकिपेल्मा गटातला आहे तो पूर्ण गट सायटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. पोइसिलोथेरियाच्या सगळ्या जातीही २०१९ मध्ये तिथे गेल्या. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने सायटिसच्या यादीतल्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची केली आणि असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्यावर नोंदणीचं बंधन घातलं. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर ती नोंदणी कशी करायची याचे नियम २०२४ मध्ये आले. सापडलेल्या प्राण्याचं बिल तुमच्याकडे असणार नाही, आयातीचा कागद तर नाहीच. तेव्हा "माझा झाला" असं ठरवण्याआधी सोसायटीच्या ग्रुपवर कुणाचा हरवलाय का हे विचारा, आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. नाशिकला पूर्व आणि पश्चिम असे दोन वनविभाग आहेत, कुठे जायचं ते तिथून कळेल. नेमकी जात ठरवण्यासाठी वरून, बाजूने आणि डब्याच्या तळातून असे तीन फोटो काढून ठेवले तर पुढचा अर्धा गोंधळ वाचतो.

मालक सापडला आणि त्यानेच कागदांसकट तुम्हाला दिला, किंवा विचारपूस होईपर्यंत काही आठवडे सांभाळायची वेळ आली, तर नाशिकच्या घरात काय लागेल?

खर्च किरकोळ आहे. पायांच्या पसाऱ्याच्या तिप्पट लांबीचा, हवेला भोकं असलेला आणि घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा. नर्सरीतलं खत न मिसळलेलं कोकोपीट भिजवून, पिळून, चार-पाच इंच थर. लपायला आडवं अर्धं मडकं, पाण्याला उथळ झाकण. मातीपासून झाकणापर्यंतची उंची पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. टॅरंटुलाचे पाय आतल्या द्रवाच्या दाबाने ताठ होतात, आणि जड पोट उंचावरून आपटून फुटलं तर तो द्रव वाहून कोळी मरतो. पाय पोटाखाली मुडपून बसला असेल तर बहुतेकदा पाणी कमी पडलंय. पाठीवर उताणा पडला असेल तर घाबरून ढोसू नका, तो कात टाकतोय. त्या काळात डब्यात जिवंत किडा राहिला तर तोच कोळ्याला कुरतडतो.

खाण्याला आठवड्या-दहा दिवसांनी एक किडा, कोळ्याच्या पोटापेक्षा मोठा नको, आणि चोवीस तासांत खाल्ला नाही तर बाहेर. चिलियन रोज महिनोन् महिने उपाशी राहतो, त्यावर उपाय शोधत बसू नका. किडा कुठून आणायचा हा मात्र नाशिकमध्ये खरा प्रश्न आहे. घरातलं झुरळ नको, त्याने पेस्ट कंट्रोलचं जेल चाटलेलं असू शकतं. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागेतला नाकतोडा त्याहून नको, तिथली फवारणी सगळ्यांना माहीत आहे. पक्षी-माशांच्या दुकानात मीलवर्म नावाच्या अळ्या मिळतात का ते विचारा, नाहीतर रातकिडे स्वतः वाढवायची तयारी ठेवा. रात्रभर त्यांची किरकिर ऐकून घरचे काय म्हणतील ते मात्र आधी विचारून घ्या.

हवामानाची काळजी लोक जास्तच करतात. जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला तरी बंद खोलीत डबा खिडकीपासून लांब ठेवला की पुरतं. कोळी खाणं कमी करेल, बस. बल्ब लावून ऊब देऊ नका, त्याने हवा सुकते. एप्रिल-मेची बाल्कनी आणि स्लॅबखालचा माळा मात्र जीव घेतात.

थंडी-उन्हाहून मोठा धोका डास मारायच्या यंत्राचा आहे. लिक्विड, कॉइल, स्प्रे, गल्लीतला धुराचा फॉगर, या सगळ्यांतली कीटकनाशकं कोळ्यालाही मारतात. ज्या खोलीत रात्री मशीन लागतं तिथे टॅरंटुला ठेवता येत नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, डासांच्या दिवसांत आणि घरात लहान मूल असताना ही अट पाळणं जमणार नसेल, तर सोपवणं हीच वाट बरी. जमत असेल तर एवढं लक्षात असू द्या की रेड नीची मादी वीस वर्षांहून जास्त जगू शकते. आज दहावीत असलेल्या मुलाने हट्टाने ठेवून घेतली, तर तो पुण्याला नोकरीला लागेल तेव्हाही तिचं पाणी बदलायला घरात कुणीतरी लागेल.