सर्च कन्सोल जवळपास वर्षभर वापरल्यानंतर: एका छोट्या मराठी साइटवाल्याचा अनुभव

गूगलचं सर्च कन्सोल लावल्याने साइट शोधाच्या निकालांत वर जात नाही, हे आधीच सांगून टाकतो. "ते लावलंस का? मग रँक वाढेल" असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. हे साधन फक्त दाखवतं. लोकांनी गूगलवर काय टाइप केलं तेव्हा तुमचं पान समोर आलं, किती जणांनी ते उघडलं, कुठली पानं गूगलने इंडेक्समध्ये, म्हणजे आपल्या शोधाच्या यादीत, घेतली आणि कुठली बाहेर ठेवली. पुढचं सगळं आपणच करायचं. तरीही एसइओच्या (शोधात साइट वर आणायच्या खटपटीच्या) नावाखाली मी जे काही वापरून पाहिलं त्यातलं हे फुकटचं साधनच माझ्याकडे टिकलं, आणि तेही मुख्यतः एका रिपोर्टमुळे.

माझी साइट गच्चीवरच्या बागेची आहे. कुंड्या, माती, कुंडीतल्या लिंबाला फळ का धरत नाही, मोगऱ्याची छाटणी कधी करायची, असले विषय. वर्डप्रेसवर चालते. जाहिरातींतून होस्टिंगचा खर्च निघतो, वर चहापाण्याला थोडं उरतं. म्हणजे हा अनुभव मोठ्या ऑनलाइन दुकानाचा किंवा बातम्यांच्या पोर्टलचा नाही, तो छोट्या मराठी साइटचा आहे.

बसवायला फारसं काही नाही. जिथून डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घेतलं तिथल्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींत) एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची नोंद, टाकायचा की मालकी सिद्ध होते. 'डोमेन' आणि 'यूआरएल प्रीफिक्स' असे दोन पर्याय येतात, त्यातला डोमेनचा घ्या. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला-नसलेला, एचटीटीपी-एचटीटीपीएस, सगळा हिशोब एकाच जागी दिसतो. जुनी मंडळी सर्च कन्सोलला अजून वेबमास्टर टूल्स म्हणतात. २०१५ मध्ये नाव बदललं, आणि आत्ताचं रूप २०१८ पासूनचं.

आता तो रिपोर्ट: परफॉर्मन्स. यात क्लिक, इम्प्रेशन (निकालांत पान किती वेळा दिसलं), सीटीआर (दिसल्यापैकी किती टक्के वेळा उघडलं) आणि सरासरी स्थान असे चार आकडे असतात, आणि खाली लोकांच्या क्वेरींची, म्हणजे त्यांनी शोधलेल्या शब्दांची, यादी. वरच्या आलेखाकडे बघत बसणाऱ्यांना यातून फार काही मिळत नाही. खरा माल त्या यादीत आहे. कुठला शब्द किती शोधला जातो ते सांगणाऱ्या, पैसे भरून घ्यायच्या एका कीवर्ड टूलमध्ये मी मराठी शब्द टाकले की शोधसंख्या शून्य किंवा नुसती आडवी रेघ दिसायची. इथे तेच शब्द वापरून माणसं माझ्या पानावर येत होती.

मराठी साइटवाल्यांसाठी एक युक्ती. क्वेरीच्या फिल्टरमध्ये 'कस्टम रेजेक्स' निवडा (अक्षरांचा साचा देऊन गाळण्याची ही सोय २०२१ पासून आहे) आणि चौकटी कंसात [अ-ह] एवढंच लिहा. देवनागरी अक्षर असलेल्या सगळ्या क्वेरी वेगळ्या निघतात. मग तोच फिल्टर 'जुळत नाही' असा उलटा लावा, की उरतात त्या रोमन लिपीत टाइप केलेल्या. माझ्याकडे दोन्ही याद्यांचा स्वभाव वेगळा निघाला. रोमन यादीत घाई असते: झाडाचं नाव, अडचण, आणि शेवटी 'इन मराठी' किंवा 'उपाय'. देवनागरीत पूर्ण वाक्यं येतात, कारण त्यातली बरीच बोलून शोधलेली असावीत असं मला वाटतं. 'तुळस हिवाळ्यात का सुकते', 'कढीपत्त्याची पानं काळी पडतात काय करावे'. असे पूर्ण प्रश्न घेऊन माणसं ज्या पानांवर येतात तिथे वाचक जास्त वेळ थांबतात, हे वाचकांची ये-जा मोजणाऱ्या अ‍ॅनालिटिक्समध्येही दिसलं. देवनागरी यादीत हिंदी क्वेरीही मिसळलेल्या असतात, त्या डोळ्यांनीच वेगळ्या काढाव्या लागतात.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो जास्वंदीवरच्या लेखाला. लेखाचं शीर्षक होतं 'पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त'. शेतीच्या पुस्तिकांत त्या किडीचं हेच नाव असतं, शब्द अगदी बरोबर. पण ज्याच्या जास्वंदीवर ती कीड पहिल्यांदा बसली आहे त्याला हे नाव ठाऊक असतं तर त्याने कशाला शोधलं असतं? यादीत लोक लिहीत होते: 'जास्वंदीवर पांढरा कापूस', 'जास्वंदीच्या कळ्यांवर पांढरं', आणि बऱ्याच जणांनी 'पांढरी बुरशी'. इथे एसइओवाले सांगतात की हे सगळे शब्द लेखात पेरा. पेरून काही होत नाही, लेख वाचवेनासा होतो एवढंच. मला त्या 'बुरशी'त दुसरीच गोष्ट दिसली. ही माणसं दुकानातून बुरशीनाशक आणून फवारत असणार आणि कीड जशीच्या तशी राहत असणार. म्हणून लेखाची सुरुवातच नवी लिहिली: ही बुरशी नाही, कीड आहे, बुरशीनाशकाने जाणार नाही. आधी कापसाच्या बोळ्याने किंवा जुन्या ब्रशने पुसून काढा, मग कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी, आणि कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर ती आधी बंद करा, कारण किडीच्या गोड चिकट्यासाठी मुंग्याच तिला सांभाळतात. शीर्षकात कापूसही आला, पिठ्या ढेकूणही राहिला. दोनेक महिन्यांत ते पान साइटवरचं सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान झालं. माझ्या लेखी एसइओ म्हणतात ते एवढंच आहे, आणि ते दर महिन्याला तास-दोन तास यादी वाचल्याशिवाय होत नाही.

ऋतूंचंही तसंच. रिपोर्टमध्ये १६ महिन्यांचा डेटा राहतो, म्हणजे यंदाचा पावसाळा मागच्या पावसाळ्याशेजारी ठेवता येतो. गुलाबाच्या छाटणीचा शोध दसऱ्याच्या सुमारास वाढतो. मग तो लेख गणपतीतच नीट करून ठेवायचा, म्हणजे गूगलची पुन्हा फेरी होईपर्यंत वेळ मिळतो. ऐन दिवाळीत लिहायला बसलं तर त्याचा उपयोग पुढच्या वर्षी. मात्र १६ महिन्यांच्या पलीकडचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे दर तीन महिन्यांनी फाइल उतरवून घ्या.

सरासरी स्थान या आकड्यावर कुणी भांडू नका. एक पान एका क्वेरीला तिसरं आणि दुसऱ्या वीस क्वेरींना चाळीसावं येत असेल तर सरासरी वाईट दिसते, प्रत्यक्षात मात्र त्या वीस नव्या क्वेरी ही चांगली बातमी असते. सप्टेंबर २०२५ मध्ये तर मजाच झाली. गूगलने एका पानावर १०० निकाल दाखवण्याची जुनी सोय बंद केली. रँक तपासणारे बॉट (आपोआप शोध घेणारे प्रोग्राम) त्याच सोयीवर चालायचे, आणि त्यांनी उघडलेले पार खालचे निकालही इम्प्रेशनमध्ये धरले जात असावेत. ते थंडावल्यावर जगभर अनेक साइटचे इम्प्रेशन धाडकन खाली आले आणि सरासरी स्थान सुधारलं. पानं तीच, वाचक तेच. त्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निम्मे लोक रडत होते, निम्मे पेढे वाटत होते.

क्लिकचं दुखणं मात्र खरं आहे. गूगलचे एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर दिसणारी एआयने बनवलेली उत्तरं, भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये आले. 'मोगऱ्याला खत कोणतं' या प्रश्नाला वरच उत्तर मिळत असेल तर खाली कोण येणार? माझ्याकडे अशा एका ओळीत उत्तर संपणाऱ्या पानांचे इम्प्रेशन टिकले, क्लिक घटले. जिथे फोटो बघितल्याशिवाय काम होत नाही, कीड ओळखायची आहे, छाटणी नेमकी कुठल्या डोळ्याच्या वर करायची आहे, तिथे क्लिक फारसे हलले नाहीत. सर्च कन्सोलची इथली मर्यादा मोठी आहे: एआय ओव्हरव्ह्यूमधले क्लिक आणि इम्प्रेशन 'वेब'च्याच आकड्यांत मिसळतात, वेगळे काढायची सोय नाही. त्यामुळे मी जे म्हणतोय तो आकड्यांवरून बांधलेला अंदाज आहे. पण त्या अंदाजावर मी वागायला लागलो. व्याख्यावजा लेख लिहिणं थांबवलं आणि स्वतःच्या गच्चीवरचे, आधी-नंतरचे फोटो वाढवले. रिपोर्टमधला शोधाचा प्रकार 'वेब'ऐवजी 'इमेज' करून बघा. बागेसारख्या विषयाला तिथून वाचक येतो.

पानं इंडेक्स होण्याचा रिपोर्ट बघून नवखा माणूस घाबरतो. 'नॉट इंडेक्स्ड'चा राखाडी आकडा हिरव्यापेक्षा मोठा असतो. त्यातली बरीच पानं रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर वळवलेली), टॅगची पानं, फीड (लेखांची आपोआप बनणारी यादी), कॅनॉनिकल म्हणजे मूळ प्रत दुसरीकडे असलेली पानं असतात, आणि ती बाहेर राहणंच बरोबर. लक्ष द्यायचं ते दोन रकान्यांकडे. 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे गूगलला पत्ता कळलाय, अजून आलेलं नाही. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे येऊन, बघून, तूर्तास नको म्हणून गेलं. दुसऱ्या रकान्यात लेख पडला की 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग'चं बटण पुन्हा पुन्हा दाबण्यात अर्थ नाही. त्याला रोजची मर्यादाही आहे. मी अशा लेखांना जुन्या चालत्या लेखांतून दुवे दिले, दोन किरकोळ लेख एकात मिसळले. काही आत आले, काही नाही आले.

वर्डप्रेसवर मराठीत लिहिणाऱ्यांनी लेखाच्या पत्त्याकडेही (यूआरएलकडे) बघावं. देवनागरी शीर्षकातून आपोआप पत्ता बनतो तेव्हा प्रत्येक चिन्हाचे, काना-मात्रेसकट, नऊ-नऊ अक्षरांचे टक्केवाले तुकडे होतात, आणि वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरांची मर्यादा आहे. हिशोब करा: बावीसेक चिन्हांत खेळ खलास, पत्ता शब्दाच्या मध्येच तुटतो. गूगलला देवनागरी पत्ता चालतो, रँकचं नुकसान होतं असं मला दिसलं नाही. पण लेख कुणाला पाठवला की ती टक्क्यांची माळ बघून लोक दुवा उघडायला कचरतात. नवीन लेखांना मी छोटा रोमन पत्ता देतो. जुन्यांना हात लावला नाही, कारण उगाच रीडायरेक्टचं लचांड कोण मागे लावून घेणार.

कोअर वेब व्हायटल्सबद्दल, म्हणजे पान किती चटकन उघडतं त्याच्या मापांबद्दल, थोडक्यात: छोट्या साइटला तो रिपोर्ट बहुधा रिकामाच दिसतो, कारण क्रोम वापरणाऱ्या खऱ्या वाचकांचा पुरेसा डेटा जमलेला नसतो. मग गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्सवर तपासा. सगळ्यात मोठा मजकूर किंवा फोटो अडीच सेकंदांच्या आत दिसावा आणि दाबल्यावर पान २०० मिलिसेकंदांत हलावं, एवढं धरून चाला. मोबाइलवरून काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका, निम्मं काम तिथेच होतं.

आता एजन्सीवाले. साइटवर फोन नंबर दिला की आठवड्याला एक तरी फोन येतो: पंधरा दिवसांत पहिल्या पानावर, इतके बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणारे दुवे), डीए इतका करून देऊ. डीए, म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, हा मॉझ कंपनीचा आकडा आहे, गूगलचा नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय. त्यांतल्या एकाने पाठवलेल्या 'ऑडिट'मध्ये पहिली त्रुटी होती 'मेटा कीवर्ड नाहीत' (पानाच्या कोडमध्ये लपवून लिहायचे शब्द). मेटा कीवर्ड रँकिंगसाठी बघत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे. असा कागद आला की त्यातला प्रत्येक मुद्दा सर्च कन्सोलमध्ये कुठे दिसतो ते दाखवा म्हणावं. फोन लवकर संपतो. प्रश्नोत्तरांचं एफएक्यू स्कीमा (पानाच्या कोडमधली खास खूण) लावून निकालात मोठी जागा मिळवायची युक्तीही अजून विकली जाते. ऑगस्ट २०२३ मध्येच गूगलने तो प्रकार नामवंत सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरता करून टाकला.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. क्वेरींची यादी स्क्रीनवर १,००० ओळींपुरतीच. त्यापुढचं हवं तर एपीआय किंवा बिगक्वेरी ही प्रोग्रामरांची साधनं, आणि छोट्या साइटवाल्याने त्यात का पडावं? फार थोड्या लोकांनी शोधलेल्या क्वेरी गोपनीयतेसाठी लपवल्या जातात. मराठीत एकच प्रश्न ह्रस्व-दीर्घाच्या पाच तऱ्हांनी लिहिला जातो, त्यामुळे आपल्या यादीतली गळती जास्तच असावी. सगळ्या क्वेरींच्या क्लिकची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळली नाही तर कारण तेच. मुख्य रिपोर्टमधले आकडे दोनेक दिवस मागे असतात. २४ तासांचं दृश्य आता मिळतं, पण छोट्या साइटला ते तासातासाने उघडून बघण्याचं व्यसनच लागतं.

बिंगचं वेबमास्टर टूल्सही लावून ठेवा. सर्च कन्सोलमधूनच साइट थेट आयात होते, वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही. वाचक तिथून थोडे येतात, पण साइटच्या चुका ते वेगळ्या नजरेने दाखवतं.

आणि कुणा डेव्हलपरला किंवा एजन्सीला प्रवेश द्यायची वेळ आली तर सेटिंग्जमधल्या वापरकर्त्यांच्या यादीत 'ओनर' कुणालाही करू नका. 'रिस्ट्रिक्टेड'ने बघण्याचं काम भागतं, फार तर 'फुल' द्या. मालकीचा टीएक्सटी रेकॉर्ड तुमच्याच खात्यातून बनवलेला असू द्या. काम संपलं की यादीतून नाव काढायचं, आणि त्यांनी स्वतःच्या नावाने साइटवर ठेवलेली पडताळणीची फाइल किंवा टॅगही शोधून काढायचा, कारण ती जागेवर असेपर्यंत त्यांना पुन्हा मालक म्हणून आत येता येतं.