केमो चालू असताना अँटिऑक्सिडंट: गोळीतून की ताटातून?

घरात कुणाची केमो सुरू झाली की आठवडाभरात एक पिशवी येतेच, मायेने आणलेली. आत व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, ग्लुटाथायोन, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल: सगळे अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरणाने होणारी पेशींची नासधूस रोखणारे पदार्थ. 'पेशींवरचा ताण कमी होतो,' असं आणणारा सांगतो. होतही असेल, पण कुणाच्या पेशींवरचा?

कॅन्सरची पेशी मुळात ऑक्सिडीकरणाच्या ताणातच जगते, म्हणजे तिच्यात हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे नासधूस करणारे रेणू सतत तयार होत असतात. हायड्रोजन पेरॉक्साइड थोडा असला तर तिला वाढीचा इशारा मिळतो, फार झाला तर ती मरते. तोल सांभाळायला ती आपल्याच शरीरातली एक यंत्रणा वापरते. एनआरएफ२ नावाच्या प्रथिनाला एरवी कीप१ हे दुसरं प्रथिन धरून ठेवतं आणि मोडीत काढायला पाठवतं. ताण वाढला की कीप१ची पकड सुटते, एनआरएफ२ केंद्रकात शिरतं आणि ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, बनवणारी जनुकं चालू करतं. निरोगी पेशीत ताण ओसरला की हे थांबतं. फुप्फुसाच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये मात्र कीप१च बिघडलेलं असतं, त्यामुळे संरक्षण बंदच होत नाही. रेडिएशन आणि डॉक्सोरुबिसिनसारखी केमोची औषधं पेशी मारतात ती काही अंशी हाच ताण हाताबाहेर नेऊन. त्यात आपणच ताण उतरवणारी गोळी द्यायची?

गोळीची खरी अडचण मात्रेची आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला: बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला. ही माणसं रुग्ण नव्हती, हे खरं. पण २०१४ साली स्वीडनमध्ये आधीच गाठी असलेल्या उंदरांना व्हिटॅमिन ई दिलं, तेव्हा त्या गाठीही वेगाने वाढल्या. माझ्या मते बाटली बंद ठेवायला एवढं पुरे.

ताटातून असा अतिरेक होत नाही. शंभर ग्रॅम पेरूत साधारण दोनशे मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं, शिवाय चोथा आणि पाणी. तोंड आलं असेल तर आंबट झोंबतं. मग मऊ भात-वरण, दुधी, भोपळा. पांढऱ्या पेशी उतरल्या असतील तर कच्चं काय चालेल ते डॉक्टरांनाच विचारा.

शिरेतून भरपूर व्हिटॅमिन सी देतात ते प्रकरण निराळं. रक्तात तेवढी पातळी गेली की तेच उलट पेरॉक्साइड तयार करतं. गोळीच्या बाजूने ते उदाहरण वापरता येत नाही.

आणि पिशवीतलं बंद करताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं बंद करू नका. पेमेट्रेक्झेड या केमोच्या औषधासोबत फॉलिक ॲसिड आणि बी१२ द्यावंच लागतं. तिथे ते औषधाचे दुष्परिणाम आवरायला असतं.