एनएलआर की एएलसी? फ्लूच्या रुग्णाच्या केसपेपरवर रोज कोणता आकडा लिहावा

न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार. एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट हे गुणोत्तर, आणि एएलसी म्हणजे एक मायक्रोलिटर रक्तातल्या लिम्फोसाइटचा प्रत्यक्ष काउंट. दोन्ही आकडे एकाच सीबीसीतून, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीतून, निघतात, त्यामुळे खर्चाचा प्रश्नच नाही. प्रश्न इतकाच, की सकाळच्या राउंडला केसपेपरवर कोणता आकडा मांडायचा आणि त्यावरून कोणाच्या खाटेकडे आधी जायचं. इन्फ्लुएन्झा किंवा कोविडने भरती झालेल्या प्रौढ रुग्णापुरतंच हे लिहितो आहे. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत मुळातच लिम्फोसाइट जास्त असतात, तिथे प्रौढांची कुठलीच मर्यादा लावू नये.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. साध्या हवेवर ऑक्सिजन ९४च्या खाली असेल किंवा श्वासाचा वेग मिनिटाला २४च्या वर असेल, तर सीबीसीची वाट पाहायची नाही. फ्लूचा दाट संशय असेल तर ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषधही रिपोर्टसाठी थांबवायचं नाही, ४८ तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त. पुढची सगळी चर्चा आहे ती आत्ता बरा दिसणारा, पण उद्या बिघडू शकेल अशा रुग्णाबद्दल.

एनएलआरची बाजू भक्कम आहे. ब्रातिस्लाव्हाच्या झाहोरेक यांनी २००१ साली आयसीयूतल्या रुग्णांवरचा ताण मोजायला हे गुणोत्तर सुचवलं, आणि कोविडने ते घराघरात नेलं. बीजिंगच्या एका अभ्यासात एनएलआरची ३.१३ ही धोक्याची रेषा निघाली आणि वय ५०च्या पुढे असेल तर धोका वाढतो असं दिसलं. ताणाने न्यूट्रोफिल चढतात, विषाणूमुळे लिम्फोसाइट उतरतात. एनएलआर या दोन्ही हालचाली एका आकड्यात पकडतो. शिवाय एक गुण फारसा कोणी सांगत नाही: त्याला एकूण काउंट लागत नाही. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त काढलं तर एएलसी खोटा उतरतो, एनएलआर मात्र जवळपास तसाच राहतो, कारण पाणी दोन्ही पेशींना सारखंच पातळ करतं. म्हणून एएलसी वापरणार असाल तर रक्त नेहमी दुसऱ्या हातातून घ्यावं. हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी एका रात्रीत एकदमच घसरलेल्या दिसल्या, तर आधी नमुन्यावर संशय घ्यावा, रुग्णावर नंतर.

मग अडतं कुठे? स्टेरॉईडवर.

ऑक्सिजन लागलेल्या कोविड रुग्णाला रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (डेक्सा) हे स्टेरॉईड, जास्तीत जास्त १० दिवस, ही पद्धत २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीतून आली आणि ती योग्यच आहे. पण डेक्साचा पहिला डोस गेला की रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात, अस्थिमज्जेतूनही नवे बाहेर पडतात, आणि एरवी मरायच्या वेळी ते मरतही नाहीत. चार-सहा तासांत काउंट वर. समजा, पहिल्या दिवशी टीएलसी (पांढऱ्या पेशींचा एकूण काउंट) ५२००, न्यूट्रोफिल ७६ टक्के, लिम्फोसाइट १८ टक्के. एनएलआर ४.२. दुसऱ्या दिवशी टीएलसी ९८००, न्यूट्रोफिल ८६, लिम्फोसाइट ९. एनएलआर ९.६, म्हणजे दुपटीहून जास्त. आता एएलसी काढा: पहिल्या दिवशी ९३६, दुसऱ्या दिवशी ८८२. लिम्फोसाइट जवळजवळ जागचे हललेले नाहीत. गुणोत्तराने जी घंटा वाजवली ती औषधाची होती. तरीही तो ९.६ पाहून अँटिबायोटिक बदललं जातं, नातेवाइकांना ‘इन्फेक्शन वाढलंय’ असं सांगितलं जातं, कधी रुग्ण विनाकारण मोठ्या दवाखान्यात हलतो. नेमक्या ज्या रुग्णांवर सर्वांत जास्त लक्ष हवं, त्यांच्यातच हा आकडा दुसऱ्या दिवसापासून वाचता येत नाही. माझा कल एएलसीकडे झुकला तो मुख्यतः या एकाच कारणाने.

स्टेरॉईडने लिम्फोसाइटही खाली येतात, हे खरं आहे आणि ते लपवून चालणार नाही. पण ती घसरण डोसनंतरच्या पहिल्या काही तासांत सर्वांत खोल असते आणि पुढच्या डोसपर्यंत बरीचशी भरून येते. न्यूट्रोफिल मात्र कोर्सभर वरच राहतात. म्हणून नमुना रोज एकाच वेळी, सकाळच्या डोसच्या आधी घ्यायचा. डोस ९ वाजता असेल तर रक्त ७ वाजता. एवढं पाळलं तर स्टेरॉईडवरच्या रुग्णातही एएलसीची चाल वाचता येते, आणि डेक्सा चालू असताना एएलसी चढू लागला तर ती सुधारणा मी बऱ्यापैकी खरी मानतो.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. भरती व्हायच्या आधीच बऱ्याच रुग्णांना बाहेर स्टेरॉईड मिळालेलं असतं, पण त्यांना ते ठाऊक नसतं. ‘स्टेरॉईड घेतलं का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. ‘कमरेत सुई घेतली का, कधी घेतली, लगेच बरं वाटलं का, घरी छोट्या गोळ्या दिल्यात का’ असं विचारावं आणि पाकीट मागून पाहावं. इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) शून्य दिसले म्हणजे स्टेरॉईड गेलंच असं मात्र समजू नये, तीव्र संसर्गातही ते शून्यावर जातात.

गुणोत्तराबद्दल दुसरी तक्रार लहान आहे, पण रोजची आहे. ७० टक्के न्यूट्रोफिल आणि २० टक्के लिम्फोसाइट असले की एनएलआर ३.५. टीएलसी ४००० असलेल्या रुग्णात याचा अर्थ एएलसी ८००, आणि १२००० असलेल्या रुग्णात २४००. पहिल्याला माझ्या मते डोळ्यांसमोर ठेवायला हवं. दुसऱ्यात बहुधा वेगळंच काहीतरी चाललेलं आहे. एनएलआर दोघांना एकाच रांगेत उभं करतो. गरोदर स्त्रीतही तसंच: तिचे न्यूट्रोफिल एरवीही जास्त असतात, त्यामुळे फ्लू साधा असला तरी गुणोत्तर फुगलेलं दिसतं, आणि फ्लूमध्ये तिला धोका जास्त असल्यामुळे नेमकं तिच्याच बाबतीत खोटी घंटा परवडत नाही.

एएलसी निर्दोष आहे असं नाही. त्याची रेषा कुठे ओढायची यावरच एकमत नाही. वुहानच्या पहिल्या ४१ रुग्णांच्या अहवालात १००० ही मर्यादा धरली तेव्हा ६३ टक्के रुग्ण त्याखाली आले. पुढे चीनमधल्याच १०९९ रुग्णांत १५०० धरल्यावर ८३.२ टक्के. म्हणून ‘लिम्फोपेनिया आहे’ (लिम्फोसाइट कमी आहेत) असा नुसता शेरा वाचून काही कळत नाही, आकडा हवा. एचआयव्ही, केमो, उतारवय यांत तो आधीच कमी असतो. जुना रिपोर्ट मिळाला तर त्याच्याशी ताडून पाहावं. आणि साध्या फ्लूतही पहिल्या तीन-चार दिवसांत लिम्फोसाइट उतरतातच, कारण ते रक्तातून लिम्फग्रंथी आणि फुप्फुसांकडे जातात. दुसऱ्या दिवसाचा ८०० आणि सातव्या दिवसाचा ८०० यांत मोठं अंतर आहे. आजाराचा दिवस ताप आल्यापासून मोजून शेजारी लिहिल्याशिवाय या आकड्याला अर्थ येत नाही. मी साधारण असं धरतो: पाचव्या दिवसानंतरही १००० खाली आणि चढत नसेल तर सीबीसी रोज, ५०० खाली असेल तर ऑक्सिजनची पातळी दर चार तासांनी मोजायची आणि मोठ्या दवाखान्यात हलवण्याची तयारी ठेवायची.

मोजणीचा दोष दोघांनाही सारखाच लागतो. स्लाईडवर १०० पांढऱ्या पेशी मोजून १० लिम्फोसाइट मिळाले, तर खरा टक्का ५ ते १८ यांमध्ये कुठेही असू शकतो. टीएलसी ६००० असताना हा फरक ३०० ते १०८० इतका पडतो. २०० पेशी मोजल्या तर पट्टा ६ ते १५ पर्यंत आवळतो, म्हणून काउंट कमी असेल तेव्हा टेक्निशियनला २०० मोजायला सांगावं. पांढऱ्या पेशी तीनच गटांत मोजणाऱ्या थ्री-पार्ट मशीनवर आणखी काळजी घ्यावी. विषाणूने चेतवलेले मोठे लिम्फोसाइट ते मधल्या गटात टाकतं, आणि ज्याला आपण न्यूट्रोफिल धरतो त्या ग्रॅन्युलोसाइट गटात इओसिनोफिलही येऊ शकतात, म्हणजे दमा किंवा जंत असलेल्या माणसाचा ‘एनएलआर’ खरा एनएलआर नसतोच. मशीनने फ्लॅग दिला की स्लाईड पाहायचीच. जांभळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरून आठ-दहा वेळा हळू उलटी करावी, स्लाईड दोन तासांत ओढावी.

पावसाळ्यात डेंगीचंही भान ठेवावं. फ्लूची लाटही आपल्याकडे त्याच महिन्यांत येते. २००९ साली पुण्यात एच१एन१ पसरला तोही ऑगस्टमध्येच. डेंगीत ताप उतरताना लिम्फोसाइट वाढतात आणि प्लेटलेट पडतात, तिथे यातला कुठलाच आकडा फुप्फुसांबद्दल बोलत नाही.

एनएलआर जिथे खरोखर उपयोगी पडतो ती जागा मला एकच दिसते. फ्लूचा रुग्ण सुधारतो आणि पाचव्या-सातव्या दिवशी पुन्हा ताप, पिवळा कफ, छातीत दुखणं सुरू होतं. न्यूमोकोकस किंवा स्टॅफिलोकोकससारखा जिवाणू वरून बसला असण्याची ही वेळ. २००९च्या साथीत अमेरिकेत दगावलेल्या ७७ जणांच्या फुप्फुसांचे नमुने तपासले तेव्हा २२ जणांत जिवाणू सापडले होते, त्यामुळे ही शंका हलकी घेऊ नये. स्टेरॉईड चालू नसेल तर अशा वेळी चढणारा एनएलआर लवकर सावध करतो. तरी माझी पसंती न्यूट्रोफिलचा स्वतंत्र काउंट आणि स्लाईडवरचे बँड (अर्धवट वाढलेले न्यूट्रोफिल) व टॉक्सिक ग्रॅन्युल (न्यूट्रोफिलमधले गडद कण) पाहण्याला आहे.

भरतीच्या दारात, स्टेरॉईडपूर्वीच्या पहिल्या नमुन्यावर एनएलआर काढायला हरकत नाही. पुढे रोजच्या ओळीत मात्र इतकं पुरतं: आजाराचा दिवस ६, डेक्सा दिवस २, नमुना सकाळी ७ डोसआधी, एएलसी ७८० (काल ६४०), न्यूट्रोफिल ७१००, ऑक्सिजन ९३ साध्या हवेवर. रुग्ण जिल्हा रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर नुसता एनएलआर लिहू नये. टीएलसी आणि दोन्ही टक्के लिहावेत, तिथल्या डॉक्टरांना हवा तो आकडा त्यातून काढता येतो.