उमेदवार तपासायची सरकारी सोय: प्रतिज्ञापत्र चांगलं, फॉर्म २० डोकेदुखी

निवडणूक आयोगाच्या प्रतिज्ञापत्र पोर्टलवर राज्य, मग मतदारसंघ निवडला की उमेदवारांची यादी येते. फॉर्म २६, म्हणजे उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, उघडा आणि थेट शेवटाकडे, भाग 'ब'वर जा. गुन्हे, मालमत्ता, देणी, शिक्षण यांचा गोषवारा तिथे एकत्र मिळतो. फाइल स्कॅन केलेली असते, त्यामुळे शब्द टाकून शोध चालत नाही. आणि हो, उमेदवाराचा वचननामा इथे शोधू नका. तो प्रतिज्ञापत्राचा भाग नसतो, पक्षाकडून मिळवा.

आयोगाचं निकालाचं पान मात्र झकास. माहीमचा २०२४ चा निकाल बघा: महेश सावंत ५०,२१३, सदा सरवणकर ४८,८९७, अमित ठाकरे ३३,०६२. फरक फक्त १,३१६. ईव्हीएम आणि टपाली मतं वेगळ्या रकान्यांत दिसतात, त्यामुळे अशा चुरशीत टपालाने किती फरक पडला हे लगेच कळतं. अनामत वाचली का, हे मात्र स्वतः काढावं लागतं: वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं हवीत, आणि त्या बेरजेत 'नोटा' (वरीलपैकी कोणीही नाही) धरायचा नाही. इथे बरेच जण चुकतात.

बूथनिहाय आकडे हवे असतील तर फॉर्म २०, तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर. रकान्यांवर उमेदवारांची नावं, ओळींवर बूथ क्रमांक. पण बूथ कुठल्या शाळेत होतं हे कळायला मतदान केंद्रांची यादी शेजारी उघडी ठेवा. मोबाइलवर हा खटाटोप करू नका.