बाजरी: संकरित की धनशक्ती?

बीडकडच्या हलक्या रानासाठी माझा कौल धनशक्तीला, म्हणजे संकरित नसलेल्या सुधारित वाणाला. संकरित बाजरीची कणसं एकसारखी, काढणीला एकदमच येतात. पाऊस साधला तर उताराही जास्त, हे खरंच. पण सगळी झाडं एका वळणाची. १९६५ साली आलेला एचबी-१ हा संकरित वाण आणि त्याचे भाऊबंद एकाच मादी वाणावर उभे होते; सत्तरच्या दशकात गोसावी रोगानं (कणसाच्या जागी पानांचे झुपके येतात तो) ते वाण झोपवले. तो धडा मला अजून सलतो. धनशक्तीचं मूळ टोगोच्या देशी बाजरीत. झाडाझाडांत थोडा फरक, लोह किलोला ७१ मिलिग्रॅमच्या आसपास. संकरिताचं बी दरवर्षी विकतचं. धनशक्तीचं घरी राखता येतं. फक्त बियाण्यासाठी दुसऱ्या बाजरीपासून लांब पेरा आणि शेताच्या मधली निरोगी कणसं निवडा.