रमीकब घ्यावा का? बेळगावच्या वडगावातल्या एका आज्जीचं मत

रमीकब म्हणजे पत्त्यांऐवजी आकड्यांच्या सोंगट्यांनी खेळायची रमी. आधी एकच सांगते, संच दुकानातच उघडून मोजून घ्या. सोंगट्या 106 भरायला हव्यात. 1 ते 13 आकडे, चार रंग, प्रत्येक आकडा प्रत्येक रंगात दोनदा, आणि वर दोन जोकर. बाजारातल्या एका दुकानातून मी चारशे रुपयांना नावगाव नसलेली नक्कल आणली, तिच्यात निळा 11 एकच निघाला. परत गेले तर "पोरांनी हरवलं असेल बघा, काकू." शेवटी ह्यांच्या शर्टाच्या मोठ्या बटणावर मार्करनं 11 लिहिला. आता पालथ्या ढिगातून उचलताना बटण सगळ्यांनाच ओळखू येतं नि त्याच्यासाठी मारामारी होते, ते वेगळंच.

तांबडा नि नारिंगी रंगही ट्यूबलाइटखाली एकच दिसतात. नारिंगीवर मी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.

"घरात रमी?" म्हणून हे दोन दिवस गुरगुरले. पत्ते नाहीत, पैसे नाहीत, हे समजावून सांगितलं. रोमानियात जन्मलेल्या एफ्राइम हर्ट्झानो यांनी हा खेळ काढला, 1980 साली जर्मनीत 'वर्षाचा खेळ' म्हणून बक्षीसही मिळालं. ह्यांना जर्मनीचं नाव ऐकलं की जरा बरं वाटतं. आता माग बंद करून आले की चौथा भिडू तेच.

प्रत्येकाला 14 सोंगट्या. एका रंगाचे सलग तीन किंवा जास्त आकडे लावा, नाहीतर एकच आकडा तीन-चार वेगळ्या रंगांत. पण पहिल्यांदा मांडताना स्वतःच्या हातातल्या सोंगट्यांची बेरीज तीस तरी भरली पाहिजे. नातवाच्या गणिताला खरा फायदा झाला तो ह्या तिसाचा. चौथीतलं पोरगं, वहीत बेरजा दिल्या की पोट दुखायचं. इथं मात्र तोंडातल्या तोंडात पुटपुटत बसतो. "काय करायलास रे? टाक की!" म्हटलं तर हात वर करून मला गप्प करतो. आठव्या-दहाव्या डावाला म्हणाला, "आज्जी, तीन सलग असले की मधल्याची तिप्पट बघायची. 9-10-11 म्हणजे तीस. मधे 10 पाहिजेच, नाहीतर जास्त." मी 7-8-9 वर करून बघितलं, चोवीस. मला साठ वर्षांत सुचलं नव्हतं, साड्यांचे हिशेब इतकी वर्षं ठेवूनही.

आमच्याकडे आकड्यांचा तिढा वेगळाच. शाळेत इंग्रजी, घरात मराठी, दुकानात कन्नड. "एकोणतीस म्हणजे ट्वेंटी नाईन की थर्टी नाईन?" हे रोजचं. 2019 मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकात 21 चं 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. आमच्या पोरांची अडचण ऐकून मला त्यात अगदीच चूक वाटलं नाही, कुणी रागावो. सोंगटीवर नुसता आकडा, कुठल्याही भाषेत वाचा. शेजारच्या अक्कांची मुलगी "मूवत्त आत!" ओरडते, आमचा "तीस!" ओरडतो, भांडण एकच.

पुढं मजा वाढते. मांडलेल्या सोंगट्या मोडून परत जुळवायची मुभा असते. पटावर तांबडे 4-5-6-7 आहेत, हातात निळा नि काळा 7. मग तांबडा 7 काढून तीन सातांचा संच करायचा, खाली 4-5-6 शाबूत राहतात. हे पहिल्यांदा साधलं तेव्हा पोरगं उठून नाचलं. पण कधीकधी सगळा पट मोडून ठेवतो नि परत लावता येत नाही. फोनवर फोटो काढून ठेवा, आमची तीच पद्धत.

शेवटी हरणाऱ्याच्या हातात उरलेल्यांची बेरीज त्याच्या नावावर वजा, जोकर उरला तर तीस, आणि सगळ्यांचं मिळून जिंकणाऱ्याला अधिक. चौघांची बेरीज शून्य आली नाही तर कुणीतरी चुकलं. वजा आकडे शाळेत शिकवायच्या आधीच त्याला कळलेत, कारण बहुतेक वेळा ते माझे असतात.

पाढे मात्र यानं पाठ होत नाहीत, ते वेगळे म्हणूनच घेते. आणि आठ वर्षांखालच्यांना देऊ नका. धाकटी सहा वर्षांची, ती सोंगट्यांचे मनोरे रचते. तिच्यासाठी फरशीवर खडूनं चौकाबारा आखला. चार कवड्या, सगळ्या उताण्या पडल्या तर चार, सगळ्या पालथ्या तर आठ. आता आठ घरं एकेक न मोजता थेट उडी मारते. खर्च शून्य.

पावसाळ्यात, लाईट असली तर, रोज एक डाव. महिन्याच्या शेवटी हरलेल्यानं कुंदा, म्हणजे आमच्याकडची मिठाई, आणायचा असं ठरलंय. सध्या मी वजा 112 वर आहे.